आगरी मुलगी, अय्यर मुलगा आणि रानातला मांडव: काय गावात ठेवावं, काय डोंगराकडे न्यावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी घणसोली गावातल्या आगरी घरातली, मुलगा नेरूळला वाढलेला, पालक्काडच्या अय्यर, म्हणजे तमिळ ब्राह्मण कुटुंबातला. दोघांनाही हॉल नको, झाडांमध्ये मोकळ्यावर लग्न हवंय आणि त्यासाठी येऊरचा एक बंगला मनात आहे. पाहुणे अडीचशे. मुलीच्या आजीला धवले, म्हणजे लग्नविधींची पारंपरिक गीतं हवीत, वडिलांना हळदीला बँड आणि मटण, मुलाच्या आईला मुहूर्तावर ताली (त्यांचं मंगळसूत्र) आणि नादस्वरम (सनईसारखं वाद्य). मुलगी विचारते: हे सगळं एका जागी, एका दिवसात बसेल का, की दोन पद्धतींची दोन लग्नं लावावीत?

मी ठाण्यात गेली अनेक वर्षं लग्नाच्या व्यवस्थेचं काम करते आणि अशी दोन भाषांची, दोन स्वयंपाकघरांची लग्नं माझ्याकडे वरचेवर येतात. म्हणून जरा सविस्तर सांगते.

दोन लग्नं लावू नका. सकाळी एकदा कन्यादान आणि संध्याकाळी पुन्हा कन्यादान झालं की दुसऱ्या वेळी वडिलांच्या चेहऱ्यावर काही उरलेलं नसतं. ते हातावर पाणी सोडतात आणि फोटोग्राफरकडे बघतात. कायद्यालाही दोनदा लग्न लागत नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ७ प्रमाणे वर किंवा वधू, कोणत्याही एका पक्षाच्या रूढीने विवाह लागला तरी तो पूर्ण असतो, आणि त्या रूढीत सप्तपदी असेल तर सातव्या पावलाला तो बंधनकारक होतो. म्हणजे दुसऱ्या घराचे विधी तुम्ही प्रेमाने करणार आहात. प्रेमाने करायचं तर ते घाईने उरकायचे नाहीत. थोडे निवडा आणि निवडलेला प्रत्येक विधी त्याच्या जागी, त्याच्या वेळेला, पूर्ण करा. कन्यादान, होम आणि सप्तपदी मात्र एकदाच.

आता वाटणी. तुमच्या यादीतल्या निम्म्या गोष्टी मुळात रानात न्यायच्याच नाहीत.

आगरी हळद ही घराची आणि गावाची असते. दारात मांडव पडतो, गावदेवीला आणि एकविरा आईला पहिली पत्रिका जाते, भावकी जमते, कलवऱ्या (करवल्या) नटतात. ज्या काकूने नवरीला लहानपणी अंगणात न्हाऊ घातलं तीच तिला हळद लावते. ही हळद पन्नास किलोमीटरवरच्या रिसॉर्टच्या लॉनवर नेली की पिवळे कपडे आणि फुलांचे दागिने उरतात, गाव मागे राहतं. वर गावातले दोनशे लोक नाराज होतात ते वेगळंच. म्हणून हळद घणसोलीत, स्वतःच्या दारात, लग्नाच्या दोन दिवस आधी करा. मटण, तांदळाच्या भाकऱ्या, ब्रास बँड, सगळं तिथे. रात्री दहाला वाद्यं आणि स्पीकर थांबवा. तो नियम गावालाही आहे आणि पोलीस ठाण्यात परवानगीचा अर्ज देतानाच वेळ लिहून घेतात. दोन दिवसांचं अंतर यासाठी की वडील, भाऊ आणि मित्र लग्नाच्या दिवशी ताजेतवाने हवेत. दुसरं, मुलाकडच्या ज्येष्ठांसाठी लग्नाचा दिवस आणि त्याची पूर्वसंध्या पूर्ण शाकाहारी आणि सोवळी राहते, कोणाला काही समजावत बसावं लागत नाही.

मुलाकडच्यांना हळदीचं आमंत्रण मात्र जरूर द्या. 'त्यांना चालणार नाही' असं आपणच ठरवून टाकू नका. तरुण मंडळी हमखास येतात. त्यांच्यासाठी शेजारच्या घरात वेगळ्या भांड्यांत, वेगळ्या हाताने केलेलं जेवण ठेवा आणि ते तसं केलंय हे आधी सांगा. येणं न येणं त्यांच्यावर सोडा.

आजीच्या धवल्यांबद्दल लिहिताना माझा हात जरा थांबतो, कारण माझ्या मते तुमच्या लग्नातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे. धवलारीण ही नुसती गाणारी बाई नव्हे. आगरी लग्नात मांडवापासून हळदीपर्यंत आणि पुढे लग्न लागेपर्यंत प्रत्येक पायरीचं गीत तिच्याकडे असतं, ती देवांना बोलावते, ती विधी पुढे नेते. हे सगळं तोंडी, एका बाईकडून दुसऱ्या बाईकडे आलेलं, आणि आता अशा बायका गावागावांत कमी होत चालल्या आहेत. तिचा आवाज बँडपुढे टिकत नाही. बँड सुरू असताना तिच्या हातात माइक दिला की ती दोन ओळी म्हणते आणि थांबते, हे मी पुष्कळ मांडवांत पाहिलंय. त्यामुळे हळदीच्या दिवशी दुपारचा एक तास फक्त तिचा ठेवा. वाद्यं नाहीत, बायका जवळ बसलेल्या, आजी तिच्या शेजारी. तिची परवानगी घेऊन ते ध्वनिमुद्रित करा, आणि दक्षिणा भटजींइतकीच द्या. लग्नाच्या दिवशीही तिला बरोबर न्या. तिथे तिची जागा कुठे, ते पुढे येतंच.

येऊरबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तिथे नको. येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू. उद्यानाभोवतीचं पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र २०१६ च्या डिसेंबरमध्ये अधिसूचित झालं. तिथे बिबटे आहेत, पाड्यांवर माणसं आहेत, आणि रात्रीच्या पार्ट्यांचा आवाज आणि प्रखर दिवे यांबद्दल तिथले रहिवासी वर्षानुवर्षं तक्रारी करत आले आहेत. अडीचशे माणसं, साठ-सत्तर गाड्या, जनरेटर आणि नादस्वरम एका अरुंद घाटरस्त्याने तिथे चढवणं त्या जंगलाला झेपत नाही. निसर्गात लग्न हवंय ना, मग निसर्गाला आपला त्रास कमीत कमी होईल अशी जागा शोधू.

शहापूर–आसनगावच्या पट्ट्यात किंवा मुरबाडहून टोकावड्याकडे जाताना पिकाच्या, बागेच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या जागा आहेत. माहुलीचा किल्ला किंवा माळशेजची रांग समोर दिसते आणि तुम्ही अभयारण्यात शिरलेले नसता. जागा बघताना मालकाकडे बिनशेतीचा आदेश, ग्रामपंचायतीचा दाखला आणि शौचालयांचं पाणी कुठे सोडतात हे विचारा. तिसऱ्या प्रश्नाला जो चटकन आणि खरं उत्तर देतो, त्याची बाकीची व्यवस्था सहसा चांगली असते. घणसोली आणि नेरूळहून येणाऱ्यांसाठी बस ठेवा. नाशिक महामार्गावरचा माजिवडा ते मानकोली–राजणोली हा टप्पा सकाळी कधी तुंबेल सांगता येत नाही, म्हणून घरचे आणि ज्येष्ठ आदल्या संध्याकाळीच मुक्कामाला हवेत. तरुणांना ठाण्याहून कसारा किंवा आसनगाव लोकल सगळ्यात भरवशाची.

तारखेत दोन पंचांगं आडवी येतात, तेव्हा आधी तारीख, मग जागा. आपल्याकडे तुळशीचं लग्न झाल्यावर मुहूर्त निघतात. तमिळ घरांत मार्गळी महिना, म्हणजे साधारण १६ डिसेंबर ते मकरसंक्रांत, लग्नाला वर्ज्य. त्यानंतरचा तै महिना त्यांना उत्तम, पण तेव्हा आपल्याकडच्या बऱ्याच घरांना पौष नको असतो. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे दिवाळीच नोव्हेंबरात आहे आणि कार्तिकी पौर्णिमा २४ नोव्हेंबरला. म्हणजे दोन्ही घरांना चालेल अशा खिडकीत २९ नोव्हेंबर, ६ डिसेंबर आणि १३ डिसेंबर असे तीनच रविवार उरतात. ते हुकले तर सरळ फेब्रुवारी २०२७ मधला माघ बघावा. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनासाठी दादरला लाखो लोक येतात, गाड्यांना गर्दी असते. तो दिवस धरला तर बाहेरगावच्या पाहुण्यांना दादरला उतरवू नका, कल्याण किंवा ठाण्याला उतरवा. नेमका मुहूर्त दोन्ही बाजूंच्या जाणकारांनी एकत्र बसून काढावा.

आणि रविवार असेल तर गोरज मुहूर्ताचा हट्ट सोडा. रविवारी राहूकाळ, म्हणजे तमिळ घरांत अशुभ मानलेली वेळ, सूर्यास्ताआधीचा साधारण दीड तास असतो आणि डिसेंबरच्या सुरुवातीला आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. आपली गोरज वेळ थेट त्यांच्या राहूकाळाला चिकटते. तमिळ लग्न तसंही सकाळचं असतं. रानातही सकाळच चांगली: दिव्यांचा झगमगाट नको, किड्यांचा त्रास नाही, प्रकाश सुंदर. म्हणून नऊ ते अकराच्या दरम्यानचा मुहूर्त धरा.

आता मांडवातला क्रम. बहुतेक जण इथे विधींची यादी समोर ठेवून 'हे आपलं, हे त्यांचं' असं आलटून पालटून लावतात, आणि मग कार्यक्रम चार तास लांबतो. मी वेगळ्या टोकाने सुरू करते. दोन्ही घरांत एकच माणूस कुठे कुठे उभा असतो ते बघते. तुमच्या बाबतीत असे दोघे आहेत: मामा आणि भाऊ.

सुरुवात काशी यात्रेने करा. नवरदेव छत्री, काठी घेऊन संन्यासाला निघतो आणि मुलीचे वडील त्याला अडवून 'माझी मुलगी देतो, परत फिर' म्हणतात. शहरातल्या हॉलमध्ये हा विधी लिफ्टपर्यंत जाऊन संपतो. इथे तुमच्याकडे खरीखुरी पायवाट असेल, त्याला पन्नास पावलं तरी चालू द्या. तुमच्या वडिलांना हा विधी आधी नीट समजावून सांगा. आगरी बाप एकदा मनावर घेतो तेव्हा जावयाला असा काही परत आणतो की मुलाकडच्यांनाही त्यात नवीन काही दिसतं.

मग मामा मुलीला घेऊन येतो. आपल्याकडे तो तिला अंतरपाटामागे उभी करतो, त्यांच्याकडे मालै माट्रलच्या, म्हणजे माळा बदलण्याच्या वेळी मामा तिला खांद्यावर उचलून घेतो. हे जोडता येतं: मामा घेऊन आला, अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली, अंतरपाट खाली आला आणि तिथूनच पुढे दोन्हीकडच्या मामांनी नवरा-नवरीला उचललं आणि तीन वेळा माळा बदलल्या. मामा तेच, माळाही त्याच, फक्त रीत बदलली. मामांचं वय आणि कंबर आधी विचारात घ्या. न झेपणाऱ्या मामाऐवजी मामेभाऊ चालतो.

त्यानंतर ऊंजल. नवरा-नवरी झोपाळ्यावर बसतात, बायका गाणी म्हणतात, दूध-केळं देतात, रंगीत भाताचे गोळे ओवाळून टाकतात. धवलारणीची जागा इथे आहे. तमिळ बायका ऊंजलची गाणी म्हणतील, मग आपली धवलारीण, मग पुन्हा त्या. दोन्हीकडे हा बायकांचा आणि गाण्याचा भाग आहे, दोन्हीकडे पुरोहित, आपले भटजी आणि त्यांचे वाध्यार, या वेळी गप्प बसतात. नादस्वरम आणि तविल (त्याच्या साथीचा ढोल) वाजवणाऱ्यांना या अर्ध्या तासात चहाला पाठवा. झोपाळा झाडाच्या फांदीला टांगायचा मोह होईल, टांगू नका. लोखंडी चौकट आणून फुलांनी झाका. फांदीवर दोन माणसांचं वजन आणि वर नाचणारी भावंडं, हा धोका मी कुठल्याच कुटुंबाला घेऊ देत नाही.

पुढे कन्यादान, वडिलांच्या मांडीवर बसून, त्यांच्या रीतीने. मग कूरै, म्हणजे त्यांची मुहूर्ताची साडी नेसून येणं. ती मडिसार पद्धतीने, नऊवारी नेसवणाऱ्या मामी-आत्या आधी ठरवा आणि कपडे बदलायची खोली मांडवापासून हाकेच्या अंतरावर हवी, नाहीतर मुहूर्त चुकतो. मग गेट्टी मेळम (वाद्यांचा जोराचा गजर) आणि ताली: पहिली गाठ नवरा बांधतो, पुढच्या गाठी नवऱ्याची बहीण. काळ्या मण्यांचं मंगळसूत्र त्यानंतर लगेच घाला, त्यासाठी वेगळा सोहळा नको. सप्तपदी एकदा. लाजाहोमाला दोन्हीकडे भाऊच बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालतो. तो तिथे उभाच आहे, तर कानपिळीही तेव्हाच करून घ्या. तमिळ पाहुण्यांना ती फार आवडते.

एक धोका इथे लपलेला आहे. आपल्या लोकांच्या मनात अक्षता पडल्या की लग्न लागलं आणि पाय जेवणाकडे वळतात. त्यांच्यासाठी मुख्य क्षण ताली, आणि तो बराच नंतर येतो. मुलाच्या आईने मान वर केली आणि समोर निम्म्या खुर्च्या रिकाम्या दिसल्या, तर ते दुःख वर्षानुवर्षं राहतं. याला तीन उपाय आहेत. संकल्प, व्रतं, होमाची मांडणी हे सगळं काशी यात्रेच्या आधी घरच्यांपुरतं उरकून घ्या, म्हणजे मधला वेळ आटोक्यात येतो. साडेसातपासून इडली, पोंगल, वडा, फिल्टर कॉफी असा भरपूर नाश्ता द्या, म्हणजे कोणी भुकेलं राहत नाही. आणि जेवणाचा मांडव ताली होईपर्यंत उघडूच नका. अक्षता मंगलाष्टकांना थोड्या आणि तालीला पुन्हा वाटा. त्यांच्याकडेही त्या क्षणी अक्षता टाकतातच.

वाध्यार आणि आपले गुरुजी यांची भेट महिनाभर आधी घडवा, फोनवर का होईना. जो मंत्रभाग दोघांचा एकच आहे तो कोणी म्हणायचा हे तेव्हा ठरतं. मांडवात ठरवायला गेलं तर दोघेही विद्वान असतात आणि मुहूर्त थांबत नाही. वाध्यार, नादस्वरमवाले आणि मोगऱ्याचे घट्ट ओवलेले गजरे माटुंगा–चेंबूरकडे मिळतील, नेरूळमध्येही चौकशी करा. बाकी सुटी फुलं कल्याणच्या फूलबाजारातून घ्या, शहापूरला तोच जवळचा.

जेवण केळीच्या पानावर, टेबलखुर्चीवर, पंगतीने. सांबार, रसम, अवियल, पायसम त्यांच्या आचाऱ्याचं, आणि तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाची किंवा वांग्याची भाजी आपली. मुहूर्ताच्या जेवणात कांदा-लसूण चालतो का, हे मुलाच्या आईला विचारा. पान कुजतं, गुरांना जातं. थर्माकोलच्या ताटांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तरी खेडेगावचा केटरर ती आणतो, तेव्हा करारात लिहून घ्या.

मोकळ्या जागेचे काही धोके हॉलमध्ये नसतात. सगळ्यात पहिला आग्या मोहोळाचा. होमाचा धूर आणि तविलचा दणका वरच्या फांदीवरच्या पोळ्याला पोचला तर माश्या सगळ्या मांडवावर उतरतात. बुकिंगच्या वेळी आणि पुन्हा लग्नाच्या आठवड्यात मोठी झाडं, कडेकपारी, पाण्याच्या टाकीची खालची बाजू एखाद्या स्थानिक माणसाला घेऊन तपासा. पोळं असेल तर ते जाळायचं नाही. मांडव दूर हलवायचा. दुसरा आगीचा: डिसेंबरात गवत वाळलेलं असतं, त्यामुळे होमकुंडाखाली विटा आणि वाळू, बाजूला पाण्याच्या बादल्या, आणि फटाके अजिबात नाहीत. पहाटे दव पडतं, म्हणून गाद्या-गालिचे रात्री अंथरू नका. शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयाचा रस्ता आणि नंबर दोन्हीकडच्या एकेका भावाकडे लिहून ठेवा, आणि एक गाडी चालकासह रिकामी उभी असू द्या. मोबाइलला रेंज नसेल हे धरून छापील नकाशा द्या.

पाण्याबद्दल मला मनापासून सांगायचंय. तानसा, मोडकसागर, भातसा ही मुंबईला पाणी देणारी धरणं याच शहापूर तालुक्यात आहेत आणि याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. डिसेंबरात ही अडचण कमी असते, म्हणूनही मी तो महिना सुचवते. तरी लॉन हिरवं दिसावं म्हणून टँकर मागवणं, कृत्रिम कारंजी, पावसाचा डान्स, यातलं काही मागू नका. माळरान डिसेंबरात सोनेरी असतं, तसंच ते शोभतं.

आणि ज्यांच्या गावात आपण जाणार ते लोक. या भागात वारली, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी राहतात. सजावटकार तुम्हाला स्वागताला तारपा नाच आणि फोटोसाठी वारली चौकाचा पडदा सुचवेल. हा लग्नचौक म्हणजे वारल्यांच्या लग्नात सुवासिनी भिंतीवर काढतात ते चित्र, त्यात पालघट देवी बसते. आपल्या घरचं देवक कोणी सेल्फीसाठी भिंतीवर लावलं तर आपल्याला कसं वाटेल, एवढा विचार करून त्याला नाही म्हणा. त्याऐवजी भाकऱ्यांचं काम जवळच्या बचत गटाला द्या, पार्किंग आणि वाट दाखवायला गावातली मुलं घ्या, पत्रावळी तिथल्याच बायकांकडून घ्या, आणि पैसे त्याच दिवशी रोख द्या. सरपंचांना आणि शेजारच्या पाड्याला पत्रिका द्या, ते आले तर पंगतीला पहिल्या रांगेत बसवा.

शेवटचं कागदांचं. विवाह नोंदणीच्या अर्जावर लग्न लावणाऱ्या पुरोहिताची सही लागते आणि तीन साक्षीदार लागतात. सप्तपदी ज्यांनी केली त्या वाध्यारांची सही, त्यांच्या आधारची प्रत आणि लग्नपत्रिकेची एक प्रत त्याच दिवशी, त्यांनी निघण्याआधी, घेऊन ठेवा. पाहुण्यांच्या गर्दीत ते विसरतं आणि मग चेंबूरला त्यांना शोधत फिरावं लागतं. नोंदणी नव्वद दिवसांच्या आत करा. साक्षीदारांमध्ये एक तुमचा मामा आणि एक त्याचा घ्या.